खुर्चीची उरलेली कविता

माझा थोरला भाऊ लाकडी सामानाच्या कारखान्यात खुर्च्यांना पॉलिश करायचा आणि फावल्या वेळात कविता करायचा. त्याला कवी मानणारी माणसं जगात दोनच: कोपऱ्यावरचा न्हावी आणि शेजारचा घड्याळवाला. मी बहीण असून त्याला भित्रा म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

त्या काळात तोंडून वाकडा शब्द गेला की माणूस उचलला जायचा. म्हणून दादा कविता कागदावर उतरवत नसे. सुट्टीच्या दिवशी न्हाव्याच्या दुकानाचं दार ओढून घ्यायचा, पहिली अर्धी कविता न्हाव्याकडून पाठ करून घ्यायचा, दुसरी अर्धी घड्याळवाल्याकडून. एकाला धरलं तरी अख्खी कविता सापडू नये. एवढं डोकं कारखान्यात चालवलं असतं तर मुकादम झाला असता.

पण न्हाव्याची जीभ हातापेक्षा जास्त चालायची. एका सकाळी दाढी करता करता तो गुणगुणला, ‘पाय वाळवीने खाल्ले, तरी खुर्ची उभी ताठ.’ साबणाखालचं तोंड ठाण्यात नव्यानं आलेल्या साहेबांचं होतं. अंगात वर्दी नव्हती, साधा सदरा; न्हाव्याला काय कळणार?

“कोणाची रे कविता?” साहेबांनी विचारलं.

“माझीच, साहेब.”

“आणि पुढे?”

“पुढचं अजून जुळतंय.”

“जुळव. संध्याकाळी ठाण्यात येऊन पूर्ण ऐकव.”

न्हावी धावत आमच्याकडे आला. हातातल्या वस्तऱ्याला साबण तसाच. दादा पांढराफटक पडला. खऱ्या उरलेल्या कवितेत ती खुर्ची बसणाऱ्यासकट कोसळत होती. ती म्हटली तर न्हावी गेलाच. गप्प राहिला, तर खरा कवी कोण हे मारून विचारणार. ‘माझं नाव सांग’ असं दादानं म्हणावं म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. तो न्हाव्याच्या तोंडाकडे बघत होता. मला त्याचा राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

“तोंड काय बघतोस,” न्हावीच म्हणाला. “काहीतरी गोड दे.”

दादानं कापऱ्या आवाजात दिलं: ‘साहेब आले, औषध मारलं, वाळवीची लावली वाट.’

संध्याकाळी दादा दाराची कडी धरून उभा होता. रस्त्यावर बूट वाजले की मी दिवा बारीक करायची. शेवटी न्हावी आला, धडधाकट. साहेब इतके खूश झाले होते की ठाण्याच्या प्रत्येक समारंभात ती कविता म्हणायचा त्याला हुकूम झाला.

लोक न्हाव्याला कविराज म्हणू लागले. घड्याळवाला त्याच आठवड्यात बायकोमुलांसह निघून गेला. कुठे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दादानं पुन्हा कविता केली नाही.

पुढे ते साहेब गेले, ते राज्यही गेलं. म्हातारपणी दादा अंथरुणाला खिळला, तेव्हा न्हावी घरी येऊन त्याची दाढी करायचा. एकदा दादा मला म्हणाला, “दार लाव.” मग न्हाव्याला म्हणाला, “म्हण आता. खरी.”

न्हाव्यानं आपली अर्धी म्हटली आणि थांबला. “पुढची माझ्याकडे कुठे होती? तूच म्हण.”

दादानं डोळे मिटले. बराच वेळ नुसतेच ओठ हलले.

“साहेब आले, औषध मारलं...”

तो थांबला. पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच आलं. न्हावी वस्तरा पुसत बसला, त्यानं वर बघितलंच नाही.

दादानं माझा हात घट्ट धरला.

“दार नीट लावलंयस ना?”