टेम्पोचं कोण बघणार?

बापूला शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकात नळी होती, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. मी खुर्ची ओढून बसेपर्यंत त्यानं विचारलं, "टेम्पो सांगितलास?"

"आधी तब्येत बघ बापू."

"तब्येतीचं डॉक्टर बघतोय की. टेम्पोचं कोण बघणार?"

दोन दिवसांनी तो गेला. आमच्या नव्या नाटकाचा प्रयोग तेव्हा दहा-बारा दिवसांवर होता…

बापू आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा व्यवस्थापक. त्यानं कधी तोंडाला रंग लावला नाही. नाट्यगृहाची तारीख मिळवणं, परवानग्या, जाहिरात, तिकीटविक्री, सेटची ने-आण, नटांचं जेवण, सगळं त्याच्याकडे. मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघतो आणि संस्थेचा खजिनदार आहे, त्यामुळे या कामातून घर चालत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं दूध संघातली कायमची नोकरी सोडली होती. त्याच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" कुणीतरी म्हणालं, "नाटकाचं बघतात." "म्हणजे काम करतात नाटकात?" त्यावर बापूची बायको, सुमनवहिनी, आतून म्हणाल्या, "काम हेच करत्यात. बाकीची नाटकं करत्यात." बापू सगळ्यात मोठ्यानं हसला. लग्न तिथंच ठरलं.

तो चुकत नव्हता असं नाही. मुरगूडला प्रयोग होता, एका कारकुनाच्या दोन खोल्यांतलं नाटक. आमच्या दोन नाटकांचे सेट एकाच गोदामात असायचे. टेम्पो रिकामा केला तर आतून निघाले ऐतिहासिक नाटकाचे खांब आणि सिंहासन! परत जाऊन यायला वेळ नव्हता. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष तापले. बापू शांतपणे म्हणाला, "पावणं, आज कारकुनाला घर जरा मोठं मिळालंय. भाडं तुमच्याकडनं मागत न्हाय, मग झालं की." खांब उलटे फिरवून त्यानं भिंती केल्या, सिंहासनावर गोधडी टाकली. लोक आधी हसले, मग नाटकात रमले. परतताना मात्र बापूनं सगळं सामान स्वतः मोजून चढवलं. "सामान चढवताना मी हजर न्हवतो, चूक माझीच," एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो सेटबरोबर टेम्पोतच बसायचा, नटांच्या गाडीत कधीच नाही.

तो गेल्यावर संस्थेची बैठक झाली. कोल्हापुरात रविवारची तारीख मिळणं किती कठीण झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. नाचाचे कार्यक्रम, स्नेहसंमेलनं, पुण्या-मुंबईची नाटकं, सगळ्यांना रविवारच हवा. शिवाय आमच्या नायकाची पुण्याला बदली झाली होती, तो लवकरच जाणार होता. ही तारीख गेली की नाटक गेलं, आणि बहुधा संस्थाही. तरी मी म्हणालो, प्रयोग रद्द करू. दुःख होतंच, पण त्याच्याशिवाय हे निभेल यावर माझा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बोलावून घेतलं.

"तारीख सोडताय म्हणं?"

"वहिनी, सुतकात… लोक काय म्हणतील?"

"सुतक आमाला हाय, तुमाला न्हाय. लोकं तिकिटं काढून बसल्यात. पेठ वडगावाहून येणाऱ्या माणसांना दारातनं परत धाडणार व्हय? ह्यांनी त्या तारखेसाठी चपला झिजवल्या. तुमी एका फोनवर सोडणार?"

प्रयोग झाला. टेम्पोत मी बसलो. नटांचं जेवण सांगायचं विसरलो, रंगपटाची किल्ली कुणाकडे असते हेच मला माहीत नव्हतं, पडदा पंधरा मिनिटं उशिरा उघडला. लोक थांबले. नाटक चाललं.

त्यानंतर प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न, व्यवस्थापक कोण? पोरांना दिग्दर्शन हवं, प्रकाशयोजना हवी, हे कुणालाच नको. सगळे माझ्याकडे बघायचे. माझी नोकरी, घराचा हप्ता, मुलाची बारावी… कितीही आकडेमोड केली तरी हे बसत नव्हतं. दुसरा कुणीतरी शोधा, असं मी दर वेळी सांगत होतो.

गेल्या आठवड्यात बायकोबरोबर दुसऱ्या एका संस्थेचं नाटक बघायला गेलो. आमचा प्रयोग झाला त्याच नाट्यगृहात, मधल्या रांगेत बसलो. नाटक चांगलं होतं म्हणे. माझं लक्ष मात्र उशिरा येणाऱ्यांच्या मोबाइलच्या उजेडाकडे, बंद पंख्याकडे, रडणाऱ्या पोराकडे. डाव्या बाजूच्या दारापाशी बापू प्रत्येक प्रयोगाला उभा असायचा, रंगमंचाकडे पाठ करून, लोकांचे चेहरे बघत. ती जागा रिकामी होती. दाराचा पडदा अर्धा सरकला होता आणि बाहेरचा दिवा पहिल्या रांगांच्या डोळ्यांवर येत होता. कुणी उठत नव्हतं. मी चारदा बूड हलवलं.

शेवटी बायको कुजबुजली, "जावा की एकदाचं! तुमचंबी ध्यान न्हाय, मलाबी बघू देत न्हाईसा."

मी गेलो, पडदा ओढला आणि तिथंच उभा राहिलो. मध्यंतरात आमच्या अध्यक्षांना फोन करून हो म्हणालो. दुसऱ्या अंकात काय झालं, ते घरी जाताना बायकोनं सांगितलं.