पहाटेची तारीख

मंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या भावाने केला, तेव्हा मी शेलूबाजारला, आमच्या शेतकरी गटाच्या कार्यालयात होतो. माझ्या तोंडून आधी निघालं, "नक्की?"  पडताळल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवय मला ताईंनीच लावली होती.

ताई धनजच्या. पुण्यात प्रोग्रामर होत्या, वडिलांच्या आजारपणात गावी आल्या आणि इथेच राहिल्या. सोयाबीन खरेदीचे नंबर मोबाईलवरून लावता यावेत म्हणून गटाचं वेबपेज त्यांनीच बनवलं. मी तिथला ऑपरेटर. ते पेज चालवणारी जावास्क्रिप्ट ही भाषा मला शिकवतानाही त्यांचा सूर चौकशीचाच असायचा. "याले आजची तारीख मांगतली का हा मशीनच्या घड्याळाले इचारते. घड्याळ कोनी मागं केलं तर हाबी खोटं बोलते. अन् महिने मोजताना जानेवारीले एक नाही, शून्य म्हन्ते. अशावर इस्वास ठेवाचा?"

नोंदणी एरवी सकाळी नवाला उघडायची. त्या हंगामात गटाने ती पहाटे पाचला उघडायचं ठरवलं आणि यादी बिघडली. पहाटे नाव टाकणारे काही जण आदल्या दिवशीच्या लोकांच्याही वर दिसू लागले. त्यांच्या नावापुढे तारीखच कालची होती. त्यात माझा चुलतभाऊ आणि मेव्हणा... दोघंही दूध काढायला पहाटे उठणारे. झालं. मी आत आलो की बोलणी थांबू लागली. अध्यक्षांनी माझ्याकडची कार्यालयाची किल्ली मागून घेतली. ताईंनीही समोर बसवून विचारलं, "इलास, तारखा तू बदलल्या काय?"

"नाही ताई. तुमीबी असं म्हनता?"

"मी इचारून राह्यली. म्हनून नाही राह्यली."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी मला घरी बोलावलं. लॅपटॉप उघडून माझंच नाव भरायला लावलं. यादीत वेळ आत्ताची आली, तारीख कालची. मग आम्ही चहा घेत थांबलो. साडेपाच उलटल्यावर पुन्हा भरलं, तर तारीख आजची. ताईंनी प्रोग्राम उघडून एकेक ओळ तपासली. घड्याळ बरोबर होतं. पण तारीख मजकुरात लिहायला त्यांनी वापरलेली आज्ञा ग्रीनिचच्या वेळेने लिहीत होती. ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे दिवस उजाडत आला, तरी तिथे कालचाच दिवस चालू.

सभेत त्या उभ्या राहिल्या. "इलासनं काही केलं नाही. चूक माह्या प्रोग्रामात हाय." यादी पुन्हा लावली, किल्ली परत आली. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "आधी तुह्यावर संशय घेतला, मंग सोतावर. उलटं पाह्यजे होतं." दोघंतिघं अजूनही माझ्याकडे तिरकंच पाहतात, ती गोष्ट वेगळी.

पुढे त्या स्वतः आजारी पडल्या, तेव्हा आजाराचा रिपोर्टही त्यांनी तसाच मानला नाही. दुसरीकडे पुन्हा तपासला. तिथेही तेच निघालं... मगच घरी सांगितलं.

कार्यालयात त्यांची खुर्ची भिंतीला पाठ करून असायची, मागून कुणी डोकावू नये म्हणून. समोर दार, समोर माणसं. परवा नव्या सभासदाने विचारलं, "हे खुर्ची अशी अडचनीत काहून ठेवली?" तो ती सरकवायला वाकलाही होता. मी म्हटलं, "राहू द्या. ताई तिथंच बसत."