फुकट दिलेले आबा

माझा मित्र इथल्या शिवाजी पेठेत फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. साहेबांचा चेहरा मधे मोठा, कार्यकर्त्यांचे खाली ओळीनं, असले वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. मी शाहूपुरीतल्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या वेबसाइटी दुरुस्त करत बसतो. पण रविवारी आम्ही दोघं मिळून एक गेम करत होतो. चित्रं त्याची, कोड माझा. माझ्या घरी मिसळ खायची, भांडायचं आणि कामाला लागायचं.

गेम साधा होता. गुऱ्हाळ चालवायचं. उसाचा रस काढायचा, काहिलीत उकळायचा, गूळ करायचा, आलेल्या माणसांना रस पाजायचा. त्यातला गुळव्या, म्हणजे काहिलीवर उभा राहून गूळ करणारा, मित्राचे वडील. आबा खरोखरच गुळव्या होते, हंगामात करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं त्यांना बोलवायची. मित्रानं त्यांना हुबेहूब उतरवलं होतं. डोक्याला टॉवेल, डावा पाय जरा ओढत चालणं, दोन्ही हातांनी लांब दांड्याचा झारा धरून काहील ढवळणं. प्रत्येक पावलाचं चित्र वेगळं. मी वैतागायचो, "लका, नुसतं चालायला एवढी चित्रं कशाला? मोबाइल तापतोय!" तो शांतपणे म्हणायचा, "आबा तसंच चालत्यात. मी काय करू?" आबांना दाखवलं तर म्हणाले, "माझं प्वाट एवढं हाय व्हय?" आणि मग दिवसभर भेटेल त्याला मोबाइल दाखवत फिरले.

आमच्यासारख्या दोघातिघांत गेम करणाऱ्यांचं सगळं फुकटावर चालतं. गेम चालवायचं इंजिन फुकट, अक्षरं फुकट, आवाज फुकट. कुणीतरी कुठंतरी आपलं काम इंटरनेटवर ठेवतं, घ्या म्हणतं, आपण घेतो. आमच्या गेममधलं बैलाचं हंबरणंसुद्धा कुठल्या देशातल्या बैलाचं होतं देव जाणे. मित्राला हे टोचायचं. एक दिवस म्हणाला, "आपण नुसतं घेतोयच की रं. आपलं बी ठेवूया." आणि सगळं गुऱ्हाळ, आबांसकट, ठेवायला काढलं.

वेबसाइटनं विचारलं, अटी काय? तुमचं नाव द्यायला हवं का? चित्रात बदल चालेल का? मी म्हणालो, थांब, नीट वाचूया. त्या दिवशी आम्ही मित्राच्या घरी होतो, आबा तिथंच कॉटवर बसले होते. त्यांनी मान हलवली. "रस प्यायला आलेल्या पावण्याला अट घालत्यात व्हय? पोटभर पी म्हणायचं, झालं." मित्र हसला आणि 'कोणतीही अट नाही' यावर क्लिक केलं.

आमच्याकडं गुऱ्हाळावर कुणीही यावं, रस प्यावा, गरम गूळ खावा. कोण कुठला, कुणी विचारत नाही. पण घरी न्यायला पिशवी घेऊन कुणी येत नाही, आणि ज्यानं रस पाजला त्याच्याशी कुणी वाकडं वागत नाही. हे कुठं लिहिलेलं नसतं. आम्हाला वाटलं, सगळीकडं असंच असणार. काय बोलायचं आता!

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून मित्रानं आमचा गेम उघडला नाही. "उघडला की आबा रसाचा तांब्या घिऊन येत्यात. बघवत न्हाय," म्हणाला. मीही विषय काढायचं सोडून दिलं. रविवार रिकामे जायला लागले.

मग ऑफिसातल्या एकानं जेवणाच्या सुट्टीत मला एक गेम दाखवला. भुताखेतांचा. अंधारं जंगल, अंगावर राक्षस येतात, आपण कुऱ्हाडीनं तोडत पुढं जायचं. त्यातला एक राक्षस डावा पाय ओढत आला. डोक्याला टॉवेल. कातडी हिरवी केलेली, डोळे लाल. काहील ढवळायची तीच हालचाल, पण आता झाऱ्यानं माणूस मारायची. सहकाऱ्यानं सपासप दोन घाव घातले आणि आबा खाली पडले.

डोकंच फिरलं माझं. गेम करणारे जिथं वाद घालतात त्या इंटरनेटच्या कट्ट्यावर जाऊन मी तावातावानं लिहिलं. दिवसभर रण माजलं. कुणी म्हणालं, फुकट म्हणजे फुकट, रडता कशाला? कुणी म्हणालं, निदान माणसानं तरी वापरलं, आमची चित्रं तर एआयच्या मशीननं गिळली. कुणी मला लायसन्स शिकवलं. आबांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ज्यानं तो गेम केला होता त्याचं मात्र सरळ उत्तर आलं. कुठल्याशा लांबच्या देशातला, आमच्यासारखाच एकटा धडपडणारा. गरज नसताना त्यानं मित्राचं नावही गेममध्ये दिलं होतं. लिहिलं होतं, ते तुमच्या मित्राचे वडील आहेत हे मला माहीत नव्हतं, माफ करा, तुम्ही सांगाल तर पुढच्या अपडेटमध्ये काढून टाकतो. इतका चांगला निघाला मेला, की शिव्या द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही.

मित्राला सांगावंच लागलं. गेम त्याच्या मोबाइलवर घालून दिला आणि म्हणालो, बघ आणि काय ते ठरव. आठवडाभर त्याचा फोन नाही. शेवटी मीच दुपारचा दुकानात गेलो.

गिऱ्हाईक नव्हतं. तो स्टुलावर बसून तोच गेम खेळत होता. आबा पाय ओढत झाडातनं आले. मित्राचा अंगठा बटणापासून लांब होता. आबांनी झारा उचलला, घाव बसला, गेममधला तो मेला. त्यानं परत सुरू केलं. परत आबा आले. परत तो नुसता उभा.

"काढायला सांगू न्हवं त्या गेमवाल्याला?" मी विचारलं.

तो खेळतच राहिला. परत मेला, परत सुरू केलं. मला राहवेना. "आरं मार की लका! एक घाव घाल आणि जा पुढं. न्हायतर पुसून टाक म्हणतो त्येला, विषय संपला."

त्यानं वर बघितलं. डोळे भरून आलेले.

"आबांच्यावर हात उचलू व्हय रं मी?"