आम्ही दोघं असल्याचा पुरावा

त्याला परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं त्या दुपारी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. भाताचा पार लगदा झाला, पण भाताचं कुणाला पडलंय! व्हिसाच्या अर्जात एक रकाना असा होता की लग्न न केलेल्या जोडीदारालाही बरोबर नेता येतं. आम्ही दोघं चार वर्षं सोलापुरात एका भाड्याच्या घरात राहत होतो आणि लग्न करायचं नाही हे आमचं आधीपासून ठरलेलं. मी तिथे ओट्यापाशीच नाचले. फक्त एकत्र राहत असल्याचा पुरावा जोडायचा होता, आणि तो पोतंभर निघेल असं मला वाटलं.

निघाला भोपळा. चार वर्षं आम्ही दुसरं केलं काय होतं? पुरावेच तर मिटवत होतो. भाडेकरार माझ्या एकटीच्या नावावर. त्याची बँकेची पत्रं मोहोळला, आईवडिलांच्या पत्त्यावर. माझ्या फोनमध्ये तो ‘गॅस सिलेंडर’ या नावाने. फोटोंची तर कमालच. एखादा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या पेठेत बभ्रा होईल, या धास्तीने प्रत्येक फोटोत आम्ही माझ्या एका मैत्रिणीला मधे उभं केलेलं. व्हिसाच्या एजंटने सगळे फोटो सरकवून बघितले आणि विचारलं, “मॅडम, व्हिसा ह्या मधल्या मॅडमचा काढायचाय का?”

मी फाइल त्याच्या टेबलावर आपटली. राग माझ्या नाकावरच असतो. एजंटने शांतपणे कागद गोळा केले आणि म्हणाला, “घरच्या कुणाचं तरी पत्र आणा की. हे दोघं इतकी वर्षं एकत्र राहतात, आम्हाला माहीत आहे, एवढं लिहिलेलं. सोमवारी अर्ज गेला तर दोघं बरोबर जाल. नाहीतर ते एकटेच.”

माझ्या जोडीदाराने तिथूनच मोहोळला घरी फोन लावला. त्याच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

राहिले माझे वडील, नाना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ते यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी विणतात. आई गेल्यापासून माझं म्हणून त्यांच्याशिवाय कुणी नाही, आणि बोलणं तर त्यांचं आधीच कमी. दर दिवाळीला स्वतःच्या मागावरची चादर घेऊन ते माझ्याकडे यायचे. आदल्या दिवशीच मी त्याला मित्राकडे पिटाळायची. त्याचे बूट, शर्ट, दाढीचं सामान कपाटात कोंबून कुलूप लावायची. दुसऱ्या दिवाळीपासून चादरी जरा मोठ्याच येत होत्या, पण नानांचं मापाकडे लक्ष नसेल म्हणून मी काही बोलले नाही. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान होता.

शनिवारी सकाळीच कारखाना गाठला. नाना मागापाशी उभे होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. खडखडाटात त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. शेवटी माझी सटकली आणि मी जीव खाऊन ओरडले, “नाना, मी एकटी राहत नाही! चार वर्षं आम्ही दोघं राहतो!”

शेजारच्या मागावरचे दोघं वळून बघायला लागले. नानांनी माग थांबवला, फडक्याला हात पुसले.

“म्हाईत हाय की,” ते म्हणाले.

“कसं?” मी विचारलं.

“पयल्या दिवाळीला तुज्या दोरीवर दोन टॉवेल होते. दोनी ओले. मी टॉवेल विणनारा मानूस, दुसरं काय बगनार? तवापास्नं डबल चादर देतोय तुला. एकटीला डबल कशाला लागती गं?”

आम्ही चार वर्षं नानांच्याच चादरी पांघरून नानांपासून लपत होतो!

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हनून थांबलो.”

मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडायला आणि हसायला एकदमच लागले. इतका आनंद मला नोकरीच्या पत्रानेही झाला नव्हता. नानांनी सुताच्या गाठोड्यावर बसून, गुडघ्यावर वही धरून पत्र लिहिलं. सोमवारी ते भाषांतरासकट अर्जाला जोडलं.

व्हिसा दोघांनाही मिळाला. कशामुळे, ते तिथल्या साहेबालाच ठाऊक. पत्राची झेरॉक्स मी पासपोर्टमध्येच ठेवली आहे:

“साहेबांस नमस्कार. माझी मुलगी आणि तिचा जोडीदार चार वर्षांपासून एका घरात राहतात. मी बाप आहे, मला माहीत आहे. तिकडे थंडी फार असते असे ऐकले. म्हणून यंदाची चादर जाड विणायला घेतली आहे. ती एकटीच्या मापाची नाही. तरी दोघांना बरोबर येऊ द्यावे.”