सासऱ्यांची मिल

माझ्या सासऱ्यांनी कापडाच्या मिलवर बैलबंडी नेली, ती माझ्या सांगण्यावरून.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्यात एका हायस्कुलात मास्तर होतो. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, बार्शीटाकळीकडचे शेतकरी. त्या वर्षी कापूस झकास झाला होता, आणि अकोल्याबाहेर निघणाऱ्या एका नव्या मिलचे शेअर विकायला होते.

"जवाईबुवा, हे शेअर म्हंजे काय भानगड हाय?" मामाजींनी विचारलं. बायको समोर चहा घेऊन उभी! अशा वेळी 'मला माहीत नाही' असं कोणता जावई म्हणेल?

"सोपं आहे, मामाजी! तुम्ही वावर बटईनं देता ना? जमीन तुमची, राबणारा दुसरा, पिकलं की तुमचा हिस्सा तुमच्या दारात. तस्संच!"

"हात्तीच्या! येवढंच होय?"

मामाजींनी वीस शेअर घेतले. (बायकोनं त्या दिवशी मला न मागता दुसरा चहा दिला. असा मान पुन्हा मिळाला नाही.)

दोन वर्षांनी धाकट्या मेहुणीचं, कुसुमचं, लग्न ठरलं. आणि एका सकाळी आमच्या दारात बंडी! आत ताडपत्री, दोर, बैलांच्या गळ्यात घुंगरं.

"चला, जवाईबुवा. हिस्सा आनू."

"कसला?"

"कापडाचा! व्याह्याले सांगून बसलो, आहेराचं सारं कापड आमच्या घरच्या मिलचं!"

शेअरवर कापड मिळत नाही, एवढं मलाही कळत होतं हो! पण बायको कौतुकानं बैलांना भाकर चारत होती. मी बंडीत चढून बसलो.

मिलच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "बैलगाडी अंदर नहीं जायेगी! आप कौन?"

"मालक," मामाजी म्हणाले, आणि शेअरचा कागद काढला. (त्यावर हळदकुंकू होतं. दर दिवाळीला त्याची पूजा व्हायची.)

मॅनेजर भला माणूस. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाबा, कापड कंपनीचं आहे."

"अन् कंपनी कोनाची?"

"तुम्हा भागधारकांची."

"मंग कापड आमचंच झालं ना, बटईच्या हिश्शावानी! वीस शेअराचं मोजा!"

मॅनेजरनं कपाळ पुसलं. "तुम्हाला नफ्यातला वाटा मिळतो, पैशात. तोही नफा झाला आणि सभेत मंजूर झाला तर. अजून नफाच नाही."

"म्हंजे नापिकी!"

"हो... तसंच."

"अन् मिल बुडाली, तं तिचं कर्ज माह्या बोडख्यावर?"

"नाही. शेअरात घातले तेवढेच जातील. घराला, शेताला हात नाही."

"मंग वावरापक्षा बरी हाय!"

मामाजींना पाच मिनिटांत सगळं समजलं. (मलाही तेव्हाच समजलं.)

"पण हे बटईचं तुम्हाला सांगितलं कोणी?" मॅनेजरनं विचारलं.

मी चपलेचा अंगठा निरखू लागलो. मामाजींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "कोनी नाई जी. माह्यंच अडानी डोकं."

मला रडू आलं. खरंच आलं. बाहेर येऊन ते हळूच म्हणाले, "रिकामी बंडी घेऊन गावात कसा जाऊ? व्याही काय म्हनन?"

मी नवी सायकल विकली आणि बाजारातून लुगडी, धोतरं, खण घेऊन बंडी भरून दिली. "मिलचंच म्हणून सांगा," असंही म्हटलं.

लग्नात व्याह्यांनी लुगड्यावरून हात फिरवला. "घरच्या मिलचं काय?"

मामाजी भर मांडवात उभे राहिले. "नाई जी! मिलले यंदा नापिकी. हे आमच्या जवायानं आनलं, सोताची सायकल इकून!" (हे बायकोनं सांगितलेलं!) "शेअराचं काई इचाराचं असन तं त्यायलेच इचारा. लई हुशार मानूस!"

झालं! पंगत उठायच्या आत अकरा शेतकरी माझ्याभोवती बसले. मीही सगळ्यांना नफा, सभा, नापिकी असं मुद्देसूद समजावून सांगितलं. फक्त एक म्हातारा शंकेखोर निघाला.

"मास्तर, तुमी सोता किती शेअर घेतले?"

"एकही नाही."

म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि सगळ्यांना म्हणाला, "मंग खरंच हुशार हाय बाप्पा!"