बारा भाकऱ्यांची वाट

आमच्या मेढ्याच्या घरात अंतर मैलांत कुणी मोजत नसे. वाटेत जेवायला जितक्या भाकऱ्या लागतील, तितकं ते गाव लांब. सातारा एका भाकरीवर, सांगली तिनावर. पलटणीतला थोरला भाऊ रजा संपवून कराचीला परत निघाला, तेव्हा आईनं बारा बांधून दिल्या होत्या. तेव्हापासून कराची बारा भाकऱ्यांवर जाऊन बसली.

लढाई संपली त्या साली वडील अंथरुणाला खिळले. मी सासरहून आले होते. भावाला तार केली, तिचं उत्तर बुधवारी दुपारी आलं. इंग्रजी कुणाला येतंय? पोस्टमास्तरांनीच वाचून सांगितलं, की रजा मिळाली, आज विमानानं मुंबईला निघतोय. किती वेळ लागतो, मी विचारलं. "चार तास धर. आत्ता मुंबईत उतरलासुद्धा असेल. पुढं आगगाडी, मग मोटार. उद्या दिवस मावळायच्या आत मेढ्यात."

मी जवळजवळ पळतच घरी आले. चुलत्यांनी उंबऱ्यातच अडवून सगळं विचारून घेतलं. "चार तासांत कराची? मास्तर काय बी सांगंल. उद्या येतोय म्हनून सांगशील आन् पोरगं न्हाई आलं, तर दादा अंथरुणातच खचंल." मला राग आला. पण खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसत नव्हता. विमान मी आभाळात बोटाएवढंच पाहिलेलं. आईला मी एवढंच सांगितलं, की तो निघाला.

गुरुवारी सकाळी वडिलांनी डोळे उघडले. "पोरगं कुठवर आलं?"

आई उशाशी होती. "आवं, कालच निघालंय. बारा भाकऱ्यांची वाट हाय ती. चार दिस दम धरा."

वडील मनाशी काहीतरी मोजत राहिले. "लय झाले," म्हणाले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. ओरडून सांगावं, आजच येतोय तो, असं ओठांपर्यंत आलं. चुलत्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी तांब्या खाली ठेवला. वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि दुपार व्हायच्या आत ते गेले.

भाऊ आला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. माणसं उठायच्या बेतात होती. अग्नी त्याच्याच हातचा मिळाला, नशीबवान म्हातारा, असं लोक म्हणाले. मला त्या शब्दाची चीड आली.

नदीवरून तो परत आल्यावर आईनं त्याला शेजारी बसवलं. "वाटंत काय खाल्लंस रं?"

"काय न्हाई. काल सकाळी कराचीत जेवलो. भूक लागायच्या आत मुंबई आली."

 आई माझ्याकडे वळली.

"तार तूच घिऊन आलीस की गं. तुला ठावं व्हतं?"