‘ठीक’वर बोट

माझ्या भावाला त्याच्या कचेरीत सगळे ‘गजर’ म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. वीज कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात त्याने उभं आयुष्य काढलं, पण तो तिथे नेमकं काय करतो हे आमच्या एकाही नातेवाइकाला धड सांगता येणार नाही. आत्या तर अजून सांगते की तो मीटर दुरुस्त करतो.

तसं ते अवघड नाही. कंपनीतली शेकडो कामं रोज ठरल्या वेळी व्हावी लागतात. मीटरचे आकडे गोळा करायचे, बिलं तयार करायची, दिवसभराच्या नोंदींची प्रत काढून दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवायची. माणसाने हातांनी करायची म्हटली तर वेड लागेल. म्हणून दादा ती कामं पायरीपायरीने मशीनला लिहून देतो. त्या लिहिण्याला स्क्रिप्ट म्हणतात. मग कोणतं स्क्रिप्ट कधी सुरू व्हायचं, कुणी कुणासाठी थांबायचं आणि एखादं अडलं तर कुणाला उठवायचं, हे सगळं तो लावून देतो. पुढे कामं आपोआप होत राहतात आणि दादा त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून बसतो. ‘सगळं मशीनच करतं, तर तुला पगार कसला देतात?’ असं माझ्या नवऱ्याने त्याला एकदा विचारलं होतं. दादा नुसता हसला. त्याला राग येतच नाही. आमच्या घरातला सगळा राग देवाने माझ्या एकटीच्या पदरात टाकला आहे, त्यामुळे नवऱ्याला उत्तर मी दिलं.

नोकरीला लागल्यावर त्याला पहिला चटका बसला तो एका जुन्या स्क्रिप्टचा. आधीच्या माणसाने ते लिहिलेलं होतं. रोज ते नोंदींची प्रत काढायचं आणि शेवटी ‘यशस्वी’ असा हिरवा शेरा टाकायचं. शेरा बघून सगळे खूश. एक दिवस मूळ मशीन बसलं, प्रती उघडायची वेळ आली, तर फायली जागच्या जागी, नावं बरोबर, तारखा बरोबर आणि आत काहीच नाही. ते बिचारं स्क्रिप्ट आपण शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो एवढंच रोज प्रामाणिकपणे कळवत होतं. तेव्हापासून दादा अधूनमधून एखादी फाइल स्वतः उघडून बघायचा. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला हे सांगून सांगून त्याने पिडलं. ‘चाललं म्हणजे झालं असं नाही’ हे त्याचं वाक्य ती मुलं त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात म्हणायची.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिथे आम्ही दोघं वाढलो. बाबा कारखान्यात टाइमकीपर होते, लोकांची हजेरी घ्यायची आणि वेळ झाली की भोंगा वाजवायचा. दादाचं लग्न राहून गेलं. तो दूर मोठ्या शहरात, नवव्या मजल्यावर राहतो. त्याने बाबांना दोनदा नेलं आणि दोन्ही वेळा आठवडा भरायच्या आत बाबा पिशवी घेऊन परत आले. दिवसभर खिडकीतून मुंग्यांएवढी माणसं बघायची, त्यापेक्षा माझा जिना बरा, असं त्यांचं म्हणणं. मी तिसऱ्याच गावी. माझं झेरॉक्सचं दुकान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाबांकडे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात.

तेव्हा दादाने त्याला जे येतं ते केलं. त्याने बाबांसाठी एक स्क्रिप्ट लिहिलं. रोज सकाळी आठला बाबांच्या फोनवर प्रश्न यायचा, ‘बाबा, ठीक आहात ना?’ खाली दोन बटणं, एक ‘ठीक’चं, एक ‘बरं नाही’चं. तासाभरात उत्तर आलं नाही, किंवा ‘बरं नाही’ असं आलं, तर दादाचा आणि माझा फोन एकदमच ठणाणा करणार. त्याने बाबांपासून काही लपवलं नाही. हे मशीन विचारणार आहे, मी नाही, असं स्वच्छ सांगितलं. बाबांना त्याचं कोण कौतुक. न्हाव्याच्या दुकानात, वाण्याकडे, जिन्यात, जो भेटेल त्याला ते फोन काढून दाखवायचे. आयुष्यभर मी लोकांची हजेरी घेतली, आता माझा मुलगा माझी घेतो, म्हणायचे.

पुढे एक दिवस ती घंटा वाजली. माझ्या हातात कुणाच्या तरी सातबाऱ्याची कागदपत्रं होती, ती तशीच टाकून मी दुकानाचं शटर ओढलं आणि गाडी पकडली. तिकडे दादा मीटिंगमधून उठून विमानतळाच्या वाटेला लागला. बाबा फोन उचलेनात. शेवटी दादाच्या सांगण्यावरून खालच्या सुताराने दाराचं लॅच तोडलं. घर रिकामं, फोन भिंतीशी चार्जिंगला लावलेला. न्हाव्याकडे सकाळपासून नंबर लावून बसलेले बाबा मी पोचले तेव्हा त्याच्या खुर्चीत सापडले, अर्धा गाल साबणाचा, अर्धा गुळगुळीत, आणि समोर पंचवीस माणसं जमलेली. मी आधी हसले आणि मग तिथल्याच बाकावर बसून ढसाढसा रडले. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीने दुकान बंद केलं, मुलाने काम टाकलं, सुताराने दार फोडलं, सगळं का, तर म्हाताऱ्याला दाढी करायची होती. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं तेच म्हणाले. त्यांनी त्या दिवशी कानाला खडा लावला.

त्यानंतर बाबांचं उत्तर कधी चुकलं नाही. आठ वाजले की ‘ठीक’. दादा कचेरीत पोचल्यावर इतर कामांच्या रांगेत बाबांची ओळ हिरवी बघायचा आणि चहा प्यायला जायचा. रविवारी तो फोन करायचा. बाबा त्याच्याच कामाची चौकशी करायचे, कारण दादाच्या कंपनीत तेव्हा मोठी उलथापालथ चालली होती. वर्षानुवर्षांची सगळी स्क्रिप्टं जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवायची होती आणि ती जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होती. मी गेले की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असायचे. पूर्वी मला सोडायला स्टँडपर्यंत यायचे, ते दारातूनच निरोप द्यायला लागले. गुडघा धरलाय म्हणाले. मला ते खरं वाटलं.

समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. त्यांचा मला फोन आला तो भर सकाळी, दुकानात गर्दी असताना. त्या बाबांना न्याहारी द्यायला गेल्या होत्या आणि बाबा उठलेच नाहीत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पहाटेच गेले. हृदय थकलं होतं. पाय इतके सुजलेले होते की हे काही आजकालचं नाही, असंही ते म्हणाले. मी त्या पायांकडे बघत राहिले. इस्त्रीच्या शर्टाखाली बाबा गुडघ्यांवर नेहमी चादर घेऊन बसायचे, थंडी वाजते म्हणून.

सगळं आटोपल्यावर, माणसं आपापल्या घरी गेल्यावर, दादाने लॅपटॉप उघडला. मी भडकले. आज तरी तुझं मशीन राहू दे, म्हटलं. पण तो कंपनीचं काम करत नव्हता. तो बाबांच्या ओळी बघत होता. खालपासून वरपर्यंत हिरव्या, एकही लाल नाही. त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बाबा गेले त्या दिवशीची तारीख, वेळ सकाळी आठची, आणि उत्तर ‘ठीक’.

मला समजायला जरा वेळ लागला. दादाला केव्हाच समजलं होतं. तरी तो सर्व्हरचं घड्याळ तपासत बसला, तारीख तपासली, आदल्या दिवसाचं उत्तर उशिरा पोचलं असेल का ते बघितलं, पुन्हा घड्याळ तपासलं. जन्मभर ज्याने आपल्या मशीनमध्ये चूक राहू नये म्हणून जिवाचं रान केलं, तो माझा भाऊ त्या दिवशी मशीनची चूक निघावी म्हणून धडपडत होता. मशीनची काही चूक नव्हती.

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांच्या हातात बाबांचा फोन होता. इतक्या गडबडीत आमच्यापैकी कुणाला त्याची आठवणही झाली नव्हती. हा माझ्याकडेच राहिला होता, असं म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला, आणि मग दारापाशीच बसून सगळं सांगितलं. बाबांना हल्ली अक्षर दिसत नव्हतं, बोटं थरथरायची. चुकून भलतंच बटण दाबलं जाईल आणि पोरं पुन्हा कामं टाकून धावत येतील, याची त्यांना इतकी धास्ती बसली की त्यांनी फोन मावशींच्या स्वाधीन केला. आठ वाजता तो वाजायचा आणि मावशी ‘ठीक’ दाबायच्या. दादाचा फोन आला की पळत नेऊन बाबांना द्यायच्या. डॉक्टरकडे चला म्हणून त्यांनी कितीदा विनवलं. बाबा एकदा गेले, गोळ्या आणल्या आणि मावशींकडून शपथ घेतली. मुलाचं मोठं काम चाललंय, ते एकदा नव्या मशीनवर पोचू दे, मग मीच सांगतो, म्हणाले. त्या सकाळी त्या एका गिऱ्हाइकाच्या कपड्याला अस्तर लावत होत्या. फोन वाजला, त्यांनी दाबला, आणि शिवण संपवून मग न्याहारी घेऊन गेल्या.

मी मावशींना वाट्टेल ते बोलले. शपथ मोठी की माणूस मोठा, असं विचारलं. त्या ऐकून घेत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी थांबले. तो त्यांच्यासमोर जमिनीवर जाऊन बसला.

“मावशी,” तो म्हणाला, “बटण दाबायच्या आधी तुम्ही बाबांना विचारायचात का, ठीक आहात का म्हणून?”

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना तो प्रश्नच कळला नसावा.

“नाही रे बाळा. विचारणारा तू होतास ना. मला वाटायचं, तू त्यांना विचारतोस ते वेगळं आणि हे बटण वेगळं. हे आपलं मशीन बंद पडू नये म्हणून दाबायचं.”

दादा हो म्हणाला. त्याने त्यांना पाणी दिलं, हात धरून उठवलं आणि त्यांच्या दारापर्यंत सोडून आला. मग मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आला नाही. मी बाहेर उभी होते. आत तो रडत होता हे मला पाण्याच्या आवाजातूनही कळत होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, “नव्या पोरांना रोज सांगायचो गं, आत उघडून बघा म्हणून. बाबांचं एवढं हिरवं दिसत होतं, तर एकदाही येऊन बघितलं नाही.” नऊ वाजून गेले आणि माझा फोन ठणाणला नाही की मलाही बरं वाटायचं.

तो परत गेला. नव्या मशीनवरचं काम पुरं झालं आणि छान झालं, असं ऐकते. त्याच्या साहेबांनी त्याचा सत्कार केला. आता तो मला रोज फोन करतो. त्याला ठरलेली वेळ नाही. कधी मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत असते, कधी सासूबाईंना भरवत असते. मी ठीक आहे म्हटलं की त्याला पटतच नाही. झोप लागली का, जेवलीस काय, पाठ दुखत होती तिचं काय झालं, असं एकेक खोदून विचारतो. सुरुवातीला मी वैतागायचे. आता सांगते. सासूबाईंचं करून मी थकून जाते, हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं.

मागच्या आठवड्यात असंच त्याने सगळं विचारून घेतलं आणि फोन ठेवायला निघाला. मी त्याला थांबवलं. त्याला कुणी असं विचारत असेल का, हे माझ्या मनात तोवर आलंच नव्हतं.

“दादा, तू ठीक आहेस ना?”

बाबा असते तर लगेच हो म्हणाले असते, मीही म्हणाले असते.

“नाही गं,” तो म्हणाला.

दुकानात माणसं खोळंबली होती. मी त्यांना हाताने जा म्हणून खुणावलं, शटर अर्धं ओढलं, आणि स्टुलावर बसून म्हटलं, सांग.